पानिपत जिंकलं असतं तर आपण कुठे असतो?

निवडणुकीत एखादा पक्ष आपटला की दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रात मथळा येतो : अमुक पक्षाचं पानिपत. क्रिकेटचा सामना हरला तरी पानिपत. १४ जानेवारी १७६१ रोजी पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि तो पराभव मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसला. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसाच्याही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला लढाई झाली आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. त्या घटनेचा मराठीत एकही वाक्प्रचार नाही. एकाचं दुःख सगळ्यांची भाषा झालं आणि दुसऱ्याची सुटका भाषेत आलीच नाही, हे आपोआप घडत नसतं.

जे वाक्प्रचारांचं, तेच 'जर-तर'चं. पानिपत जिंकलं असतं तर? हा प्रश्न महाराष्ट्रात अडीचशे वर्षं विचारला जातोय. शाळेत, व्याख्यानमालेत, कादंबरीत आणि विज्ञानकथेतसुद्धा. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं : आपण गुलाम झालो नसतो. या 'आपण'मध्ये कोण कोण येतं, एवढंच आम्हाला या लेखात तपासायचं आहे. आणि त्या निमित्ताने चळवळीतल्या तरुण मित्रमैत्रिणींपुढे एक मागणीही ठेवायची आहे. विज्ञानकथा, पर्यायी इतिहास, काल्पनिक राज्य, उद्याच्या जगाच्या गोष्टी, म्हणजे थोडक्यात जर-तरचं साहित्य, हा प्रांत आपण आजवर दुसऱ्यांना सोडून दिला. तो आता सोडायचा नाही.

गंगाधरपंतांचा प्रवास

मराठीत या विषयावरची सर्वांत गाजलेली कथा डॉ. जयंत नारळीकरांची, 'गंगाधरपंतांचं पानिपत'. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. म्हणजे देशभरातली मुलं ती वाचतात, आपली मुलंही वाचतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर दुसऱ्याच मुंबईत पोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून चालू आहे आणि मुंबईवर इंग्रजांचाच अंमल आहे. पंत टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतात. शेवटच्या खंडात पानिपतचा निकाल उलटा लागलेला! विश्वासरावांना लागायची गोळी त्यांच्या जवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठिकाणांपुरती उरली. पेशव्यांनी विज्ञान-तंत्रज्ञानाचं महत्त्व ओळखून आपली केंद्रं उभारली. विसाव्या शतकात पाश्चात्त्य विचारांच्या प्रभावाने देश लोकशाहीकडे वळला आणि पेशव्यांची जागा हळूहळू निवडून आलेल्या मंडळींनी घेतली. गोऱ्यांची गुलामी न भोगलेला, स्वतःच्या पायावर उभा असलेला देश पाहून पंतांना तो आवडू लागतो.

कथा म्हणून ती चोख आहे हे आम्ही आधीच सांगून टाकतो. इतिहासात एकच गोष्ट बदलायची, गोळीची दिशा, आणि मग पुढचं सगळं त्या एका बदलातून सुसंगतपणे काढत न्यायचं, ही पर्यायी इतिहासाची खरी शिस्त. नारळीकर ती पाळतात. फलज्योतिषाची चाचणी घेण्यासाठी डॉ. दाभोलकरांच्या सोबत उभा राहिलेला हा वैज्ञानिक जातीयवादी होता असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल, आणि ते आमचं म्हणणं नाही.

आमचं म्हणणं कथेच्या प्रवाशाबद्दल आहे. त्या मुंबईत गंगाधरपंत रेल्वेने प्रवास करतात, ग्रंथालयात शिरतात, पुस्तक मागतात, आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची दिसली म्हणून थेट व्यासपीठावर चढतात. श्रोते त्यांना हुसकावतात, पण ते भाषणाला कंटाळलेले लोक म्हणून. पंतांना कुणी जात विचारत नाही. विचारली असती तरी काही बिघडलं नसतं. आता त्याच अपघातानंतर त्याच मुंबईत एखादा कांबळे, साळवे किंवा वाल्मीकी पोचला आहे अशी कल्पना करा. ग्रंथालयाचं दार त्याला उघडेल का? तो कुठल्या डब्यात बसेल? कथा या प्रश्नांची उत्तरं चुकीची देते असं नाही. हे प्रश्न तिच्यात उगवतच नाहीत.

फाटलेल्या पानाच्या दुसऱ्या बाजूला

कथेत गंगाधरपंत परत येतात तेव्हा पुरावा म्हणून त्यांच्याकडे बखरीचं एक फाटलेलं पान असतं. पुराव्याची ही अट आपणही पाळू. ज्या पेशवाईचं आयुष्य ही कथा वाढवते, त्या पेशवाईबद्दल आपल्याकडे कुठलं पान आहे?

पहिलं पान बाबासाहेबांचं. १९३६ च्या 'जातिप्रथेचं विध्वंसन'मध्ये त्यांनी पेशव्यांच्या राजधानीतली पद्धत नोंदवली आहे : अस्पृश्याच्या कमरेला झाडू, स्वतःची पावलं पुसत जाण्यासाठी, आणि गळ्यात मडकं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. त्याच भाषणात आणखी एक नोंद आहे, आणि ती नारळीकरांच्या कथेच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. सोनारांनी एकमेकांना 'नमस्कार' म्हणू नये असा पेशव्यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाखातर १७७९ मध्ये मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने मुंबईतल्या सोनारांवर तशी बंदी घातली. म्हणजे मुंबई कंपनीकडे आणि देश पेशव्यांकडे अशी वाटणी प्रत्यक्षात होती, तेव्हा दोघांचं जातीच्या बाबतीत छान जुळत होतं. कथेतलं जग म्हणजे तीच वाटणी, दोनशे वर्षं ताणलेली.

दुसरं पान मुक्ता साळवेचं. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचं डोकं छाटून त्याच्या चेंडूने खेळ होत असे, आणि मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरलं जात असे, हे तिने लिहून ठेवलं. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम सदतीस वर्षं झाली होती. घरातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला तो काळ होता.

ही दोन पानं शेजारी ठेवली की कथेतला एक सांधा निखळतो. विज्ञानकथेत बदलाला यंत्रणा दाखवावी लागते. रॉकेट उडतं तर इंधन काय, हे सांगावं लागतं. मग झाडू-मडक्याचं राज्य लोकशाही कुठल्या इंधनावर झालं? शासकांना विज्ञानयुग कळलं म्हणून? पाश्चात्त्य विचार वाचले म्हणून? यंत्रं आली की जात जाते, हा विश्वास तर आपल्या डोळ्यांसमोर खोटा ठरला आहे. या देशाने चंद्रावर यान उतरवलं, आणि गटारात माणूस उतरवणंही थांबवलं नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा कायदा आहे, तरी मृत्यू चालू आहेत. तंत्रज्ञान कुणाच्या हातात आणि कुणाच्या डोक्यावर, हे जात ठरवते.

खऱ्या इतिहासात इंधन दुसरं होतं. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा. १८८८ चं गोपाळबाबा वलंगकरांचं 'विटाळ विध्वंसन'. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा ५० टक्के राखीव जागांचा आदेश. २० मार्च १९२७ चं चवदार तळं. माणसं उभी राहिली म्हणून बदल झाला. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याने या माणसांचं काय झालं ते सांगायला हवं. त्या जगात जोतीरावांना शाळा काढू दिली का? मुक्ताचा निबंध छापला गेला का? की तिथे तो निबंध नाहीच?

इथे एक इशारा आपल्यालाही. याचं उत्तर 'इंग्रज आले म्हणून वाचलो' इतकं सोपं करू नका. ज्या सैन्यातल्या २२ महारांची नावं कोरेगावच्या स्तंभावर कोरली आहेत, त्याच सैन्याचे दरवाजे इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांना बंद केले. महार वतनाची वेठ इंग्रज राजवटीतही तशीच राहिली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यावर विधेयक आणलं, पण कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. पेशवाई १८१८ ला संपली, पण गावातली पेशवाई पुढे १४० वर्षं कायद्याने जिवंत होती. आपली जर-तरची गोष्टही हे पोटात घेऊन लिहावी लागेल. नाहीतर आपणही उलट्या बाजूचे गंगाधरपंत होऊ.

ज्यांनी हे आधी केलं

ज्यांच्या पाठीवर इतिहासाचे वळ आहेत त्यांनी जर-तरचं साहित्य कसं लिहावं, याचे धडे अमेरिकेतल्या काळ्या लेखकांकडे आहेत. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निवेदनाची त्यांना माहिती हवी होती, आणि डू बॉइसनी उत्तरही पाठवलं. हे आपल्या चळवळीला ठाऊक आहे. पण याच डू बॉइसनी १९२० मध्ये 'द कॉमेट' ही विज्ञानकथा प्रसिद्ध केली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडतं. बँकेच्या तळघरात कामाला धाडलेला एक काळा निरोप्या वाचतो, आणि एक श्रीमंत गोरी तरुणी वाचते. काही तास ते दोघे फक्त माणसं असतात. मग कळतं की शहराबाहेरचं जग जिवंत आहे. गोरे लोक परत येतात आणि क्षणात त्या माणसाचा पुन्हा 'काळा' होतो. जमाव त्याला झाडाला लटकवायची भाषा करू लागतो. प्रलय आला की विषमता वाहून जाते, या भाबड्या समजुतीला डू बॉइसनी तिथेच उत्तर दिलं. आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या मदत छावण्यांतून दलितांना वेगळं काढल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. समुद्राने जे केलं नाही ते धूमकेतू काय करणार?

दुसरा धडा ऑक्टेव्हिया बटलर यांचा. आई घरकाम करणारी, मुलगी विज्ञानकथा लिहिणारी. त्यांच्या १९७९ च्या 'किंड्रेड' कादंबरीत १९७६ सालातली काळी लेखिका डाना पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. काळप्रवास कसा होतो याचं यंत्र बटलर सांगतच नाहीत. त्यांचा सगळा भर शरीरावर आहे : चाबूक, भीती, शेवटी तुटलेला हात. आणि एक पक्की युक्ती. एकदा डानाचा गोरा नवराही सोबत जातो. काळ तोच, घर तेच, पण त्याला तिथे पाहुण्यासारखं राहता येतं आणि तिला गुलाम म्हणून जगावं लागतं. प्रवास एक, शरीरं दोन. भूतकाळात सहलीला कोण जाऊ शकतं, हे यातून भाषणाशिवाय कळतं. बटलरनी मुलाखतींत सांगितलं आहे की आधीच्या पिढ्यांनी मान खाली घातली म्हणून त्यांचा तिरस्कार करणारा एक तरुण त्यांना भेटला होता, त्यातून ही कादंबरी सुचली. आजोबांच्या 'जोहार'ची लाज वाटणाऱ्या आपल्या पोरांनी ही कादंबरी आवर्जून वाचावी. जगून दाखवणं हीसुद्धा लढाई होती, हे ती शिकवते. कोलकात्यातल्या दलित लेखिका मिमी मंडल यांनी सहसंपादित केलेला, बटलरना उद्देशून लिहिलेल्या पत्रांचा व लेखांचा ग्रंथ २०१८ मध्ये ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. म्हणजे हा धागा आपल्यापर्यंत आलाच आहे.

तिसरा धडा आपल्याच उपखंडातला. बेगम रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ मध्ये मद्रासच्या मासिकात आली. तिच्या स्त्रीराज्यात हवेत गाड्या चालतात आणि सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. पण रुकैया तिथे थांबत नाहीत. मग घरकाम कोण करतं, मुलं कोण सांभाळतं, तेही त्या सांगतात : मर्दान्यात बसवलेले पुरुष. कुठलंही आदर्श राज्य वाचताना हाच प्रश्न विचारा. इथला संडास कोण साफ करतं? लेखकाला उत्तर माहीत नसेल तर ते राज्य त्याच्यासाठी आदर्श असेल, आपल्यासाठी नाही.

'हे आपलं काम नाही' म्हणणाऱ्यांना

आम्हाला माहीत आहे, चळवळीतले काही जण म्हणतील : दलित साहित्य हे भोगलेल्या सत्याचं साहित्य आहे, कल्पनाविलास हा पोट भरलेल्यांचा धंदा. 'बलुतं' आलं १९७८ ला, त्यानंतरच्या आत्मकथनांनी मराठी साहित्याचं कातडं सोलून काढलं. ती ताकद आम्ही नाकारत नाही. पण साक्ष देणं हे एकच काम आपल्यावर कुणी सोपवलं? मध्यमवर्गीय वाचकाला आपलं दुःख हवं असतं, आपले बेत नको असतात. कालचं रडगाणं तुम्ही सांगा, उद्याचा नकाशा आम्ही काढतो, ही कामाची वाटणीदेखील जातीचीच वाटणी आहे.

आणि आपली परंपरा काय सांगते? संत रविदासांनी पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या काळात बेगमपुऱ्याची कल्पना केली, जिथे दुःख नाही, कर नाही, कुणी दुय्यम नाही. कासेगावच्या गेल ऑम्वेट यांनी जातिविरोधी विचारवंतांवरच्या २००८ च्या ग्रंथाच्या नावातच बेगमपुरा घेतला. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त दशावतारांची चिरफाड केली. मत्स्यावतार म्हणजे जलमार्गाने आलेली टोळी, असा अर्थ लावत त्यांनी अद्भुत कथेच्या आतलं सत्ताकारण उघडं केलं. आजच्या भाषेत ते अद्भुत साहित्याचं विश्लेषणच आहे, आणि ते मराठीत दीडशे वर्षांपूर्वी झालं. बळीराजाचं राज्य येवो असं आपल्या आया-बहिणी ओवाळताना म्हणतात, त्यात पर्यायी इतिहास नाही तर काय आहे? पेरियार यांनी १९४० च्या दशकात येणाऱ्या जगाबद्दल भाकितं मांडली, त्यात खिशात मावणारी संपर्कसाधनं होती. आणि १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊ साठेंनी पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावरून काढून कष्टकऱ्यांच्या तळहातावर ठेवली.

पुराण आणि कल्पित कथा यांतला फरक मात्र नीट धरा. कल्पित कथा म्हणते, 'समजा असं झालं'. पुराण म्हणतं, 'असंच झालं, मान'. पहिली तपासायला देते, दुसरं तपासू देत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो ते विसाव्या शतकातलं लिखाण आहे आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं. विज्ञानकथा इतिहासाचे कपडे घालून फिरू लागली की काय होतं ते हे. तिला ओळखायचं तर विज्ञानकथा कशी रचतात ते माहीत हवं. बाबासाहेबांनी 'रिडल्स' लिहिताना हेच केलं : कथेला विचारलं, तू आत्ता जे म्हणालीस ते मागच्या पानाशी जुळतं का?

मग लिहायचं काय?

विषय आपल्या इतिहासात ढिगाने पडले आहेत, फक्त लढायांच्या पलीकडे बघा. दोनच सांगतो.

एक, १९३२. ऑगस्टच्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघांत ७१ जागा होत्या, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरं मत. २४ सप्टेंबरच्या पुणे करारात जागा १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त. 'करार झालाच नसता तर?' असं आपण चहाच्या टपरीवर रोज म्हणतो. ते कथेत उतरवायला बसा म्हणजे कळेल. निवाड्यातली ही खास तरतूद २० वर्षांची होती. म्हणजे गोष्ट १९५२ मध्ये जाऊन उभी राहते. मुदत संपताना आपले ७१ प्रतिनिधी काय करतायत? एकजुटीने आहेत की फुटलेत? उपोषण मोडल्यानंतर गावोगावच्या वस्त्यांवर काय गुजरलं? आणि खऱ्या १९५२ मध्ये मुंबईत संयुक्त मतदारसंघात बाबासाहेब हरले, ते शेजारी ठेवून लिहा. आवडतं उत्तर आधी ठरवून लिहिलेली गोष्ट म्हणजे पत्रक. गोष्टीने लेखकालाही अडचणीत आणलं पाहिजे.

दोन, १९४६. बाबासाहेब संविधान सभेत गेले ते महाराष्ट्रातून नाही, बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांच्या बळावर. फाळणीत ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून पुन्हा निवडून आले, आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. पानिपतात एक गोळी हुकली तर काय, यावर इतकं लिहिलं गेलं. बंगालमधली ती मोजकी मतं हुकली असती तर काय, यावर कुणी लिहिलं?

लिहिताना चार गोष्टी पाळा. बदल एकच करा आणि त्याची किंमत शेवटपर्यंत वसूल करा. एकाच काळात दोन वेगळ्या जातींची शरीरं पाठवा. बदल कुणाच्या लढ्याने झाला ते दाखवा. आणि त्या जगातला झाडू कुणाच्या हातात आहे ते वाचकाला दिसू द्या. दुसऱ्याची कथा वाचतानाही याच चार कसोट्या लावा.

पानिपत जिंकलं असतं तर, असं यापुढे कुणी विचारलं की त्याला उलट विचारा : मुक्ता साळवेचा निबंध त्या जगात आहे का? असेल, तर तो कसा शक्य झाला ते सांग. नसेल, तर ते जग तुझं आहे, आमचं नाही. आणि आमचं जग कसं असेल, ते आता आम्हीच लिहू.

जय भीम!